फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगा

ह्यूस्टनमध्ये फिजिओथेरपी करणाऱ्या माणसाला स्पॅनिश मुळीच येत नसेल तर त्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते थोडेफार येऊ लागल्यावर. या शहरातले ४० टक्क्यांहून अधिक लोक हिस्पॅनिक, म्हणजे मुळात स्पॅनिशभाषक देशांतले आहेत, आणि ज्या रुग्णाला इंग्रजी येत नाही त्याला पात्र दुभाषा विनामूल्य मिळालाच पाहिजे, असे २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्यसेवा कायद्याच्या १५५७ व्या कलमाखालचे नियम सांगतात. आमच्याकडे हा दुभाषा चाकांच्या स्टँडवर बसवलेल्या टॅबलेटमधून प्रकट होतो. संमती, औषधे, आधीच्या शस्त्रक्रिया असे सगळे गंभीर बोलणे त्याच्यामार्फतच होते आणि ते योग्यही आहे. परंतु पालथ्या झोपलेल्या रुग्णाला ‘आता उजवा पाय उचला’ एवढे सांगण्यासाठी तो स्टँड दर वेळी पलंगाला प्रदक्षिणा घालू लागला, तेव्हा मी वैद्यकीय स्पॅनिशच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले.

वर्गात माझी लगेच वाहवा झाली. अमेरिकन सहाध्यायी ‘तेंगो दोलोर’ (मला दुखते आहे) म्हणताना ‘ट’ आणि ‘ड’ यांच्यात अडखळत होते. माझे मात्र बाराखडीवर वाढलेले त आणि द जिथल्या तिथे पडत होते. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतला फरक कळायला त्यांना एक अख्खा तास लागला, आणि ‘अहो-जाहो’च्या घरात वाढलेल्या मला तो शिकवण्याची गरजच पडली नाही. आज्ञार्थाने मात्र माझीही परीक्षा पाहिली. ‘लेवान्ते’ म्हटले की ‘उचला’, ‘लेवान्ता’ म्हटले की ‘उचल’; म्हणजे शेवटचा एक स्वर घसरला की सत्तरीच्या आजीबाईंना सरळ एकेरीवर आणल्यासारखे होते. त्यातून ‘एक्स्तेन्देर’सारख्या (ताणणे, लांब करणे) क्रियापदांत हाच नियम उलटा चालतो, तिथे आदर दाखवायला ‘आ’ लागतो. व्यायाम घेताना रुग्णाच्या गुडघ्यापेक्षा क्रियापदाच्या शेपटीकडे माझे लक्ष अधिक राहू लागले.

या वर्गांच्या पुस्तकातला रुग्ण मोठा सज्जन असतो. ‘दुखते का?’ असे विचारले की तो ‘हो डॉक्टर, फार दुखते’ म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत गप्प बसतो. अशा माणसाशी बोलायला शिकून मी एका खऱ्या सेन्योरांच्या, म्हणजे वयस्क बाईंच्या, गुडघ्याला सामोरी गेले. माझा सावळा वर्ण आणि काळे केस पाहून मी मेक्सिकोचीच आहे, असे त्यांनी आधीच ठरवले होते. त्यात मी ‘ले दुएले ला रोदीया?’ (गुडघा दुखतो का?) हा प्रश्न निर्दोष उच्चारांत विचारून त्यांची खात्री करून दिली. मग बांध फुटला. त्या पुरात माझ्या ओळखीचे जिना, सून आणि थंडी एवढे तीनच ओंडके वाहत जाताना दिसले. ‘फक्त हो किंवा नाही सांगा’ हे मला स्पॅनिशमध्ये सांगता येत होते आणि मी ते सांगितलेही, पण तेही इतके सुरेख उच्चारले गेले की सेन्योरांना आणखीच हुरूप आला.

शेवटी स्टँड आणला. दुभाष्यांचा दंडक असा की रुग्णाचे बोलणे प्रथमपुरुषीच सांगायचे, त्यामुळे पडद्यावरचे ते दाढीवाले गृहस्थ अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “मला चार मुले झाली, प्रत्येक बाळंतपणानंतर मी चाळीस दिवस थंड पाण्याला शिवले नाही, आणि आता माझी सून मला बर्फाने शेकायला सांगते.”

प्रकरण बर्फाचे होते. उष्ण शरीरात गारवा शिरला की सांधे धरतात, इस्त्री केल्यावर लगेच गार पाण्यात हात घालू नये, ही समजूत मेक्सिकन घरांत पक्की आहे, आणि मागल्या भेटीत बर्फ सुचवणारी मीच होते. वास्तविक इथे मी शास्त्राची बाजू लावून धरायला हवी होती, पण वाताच्या दुखण्याला गारवा नको हे मी माझ्या आजीकडूनही इतक्यांदा ऐकले होते की माझा विरोध लंगडाच पडला. शिवाय गुडघ्याच्या झिजेत गरम शेकही चालतो. तेव्हा शेक मंजूर झाला, ‘वापोरू’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिक्सलाही माझी हरकत नव्हती (आमच्या घरी तरी ते कुठे फक्त सर्दीपुरते होते?), आणि ‘सोबादोर’कडून, म्हणजे त्यांच्याकडच्या अंग चोळून देणाऱ्या जाणत्याकडून, गुडघा मुरगाळून घ्यायचा नाही, एवढ्या एका अटीवर तह झाला. सेन्योरा खूश होऊन गेल्या आणि बाहेर स्वागतकक्षात ‘या डॉक्टरबाईंना आमची भाषा येते’ असे जाहीर करत्या झाल्या.

त्याचा परिणाम असा झाला की स्पॅनिश बोलणारे रुग्ण नेमाने माझ्याच नावावर लागू लागले. क्यूबाचे लोक शब्दांच्या शेवटचा ‘स’ गिळतात, एल साल्वादोरचे लोक ‘तू’च्या जागी ‘वोस’ म्हणतात, आणि पुस्तकात यातले काही नव्हते. स्टँड आता माझ्या खोलीतच मुक्कामाला असतो.

अशातच छपरे घालण्याचे काम करणारे एक ग्वातेमालाचे गृहस्थ दुखरा खांदा घेऊन आले. त्यांची मायबोली माम ही तिकडची एक माया भाषा, स्पॅनिश ते शाळेत शिकलेले. मी दुभाष्याला बोलावू का म्हणून विचारले, तर ते म्हणाले, आधी व्यायाम तर करून पाहू. मी एकेक शब्द जोडून विचारावे, त्यांनी एकेक शब्द जोडून सांगावे, क्रियापद कोणाचे चुकले याची दोघांनाही पर्वा नाही. हात कुठवर जातो, रात्री कुशीवर झोपता येते का, बोटांना मुंग्या येतात का, हे सगळे मला त्या तासात कळले. निघताना त्यांनी, आपण स्पॅनिश फार छान बोलता, अशी पावती दिली. मी ती ताबडतोब पदरात पाडून घेतली आणि त्यांनाही तशीच एक दिली.