‘साभार : गूगल’ लिहिलं म्हणून काय झालं?

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की एक मेसेज हमखास फिरत येतो. यंदाही आला : ‘नेटवर टाकलं ते सगळ्यांचं. कॉपीराइटची खूण नसेल तर प्रश्नच मिटला. दहा टक्क्यांपर्यंत मजकूर उचलता येतो. पैसे कमवत नसाल आणि खाली साभार लिहिलंत तर कोणी काही करू शकत नाही.’ खाली ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’ आहेच.

साभारपासूनच सुरुवात करतो, कारण ते प्रकरण सध्या माझ्या टेबलावर आहे. एका लेखासोबत फुललेल्या काटेसावरीचा सुरेख फोटो आला. खाली ओळ : ‘छायाचित्र साभार : गूगल’. अहो, गूगल फोटो शोधून देतं, कॅमेरा घेऊन रानात जात नाही! फोटोवर क्लिक करून मूळ पानावर गेलो, तर तिथे छायाचित्रकाराचं नाव होतं आणि ‘विचारल्याशिवाय वापरू नये’ अशी सूचनाही. म्हणजे वस्तू एकाची, आभार भलत्याचे. बरं, खरं नाव छापलं असतं तरी ती परवानगी ठरली नसती. नाव आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तर असं सांगतं, की लेखकाने हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो.

खुणेचं काय? ती नसली तरी हक्क असतो. नोंदणीही सक्तीची नाही. कविता कागदावर उतरली की हक्क जन्माला आला.

दहा टक्क्यांचा आकडा कुठून आला देव जाणे. काही जण ‘तीस सेकंद’ म्हणतात, काही ‘चार ओळी’. कलम ५२मध्ये वाजवी वापराची मुभा आहे : खासगी अभ्यास, टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. पण अमुक टक्के चालतील असं सरसकट माप तिथे नाही. आठ ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे अर्धी कविता. ज्या ओळींबद्दल बोलायचंय त्या उद्धृत करणं वेगळं आणि अख्खी कविता चिकटवून खाली ‘वा! निःशब्द!’ लिहिणं वेगळं. त्याला परीक्षण म्हणत नाहीत.

‘पैसे कमवत नाही’ या सबबीत थोडं तथ्य आहे, पण चुकीच्या जागी. कलम ६३मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किमान सहा महिने कैद आणि पन्नास हजार रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकतं. सवलत शिक्षेत आहे, उचलेगिरीला नाही.

खरोखर खुलं साहित्यही भरपूर आहे, त्याबद्दल मात्र मेसेजात अवाक्षर नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मोकळं होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून २०११पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतो. (त्यांचं कोणी नव्याने केलेलं अभिवाचन मात्र उचलता येणार नाही, त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा.) कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले. त्यांच्या कवितांसाठी २०५९ संपेपर्यंत विचारावंच लागेल.

काटेसावरीच्या छायाचित्रकाराला मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर : ‘वापरा, नाव नीट छापा, अंकाची एक प्रत पाठवा.’ लेखकमहाशयांना हे कळवलं, तर त्यांचा प्रश्न : ‘मग गूगलचं नाव काढायचं का?’