खुलासा : ‘साराभाई’च्या दुसऱ्या पर्वात लेखक-कलाकार बदलले नव्हते

इंदूरच्या मराठी कुटुंबांत सध्या व्हॉट्सॲपवरून असा मजकूर फिरतो आहे की, मूळ लेखक आणि मुख्य कलाकार बदलल्यामुळे ‘साराभाई वर्सेस साराभाई’ या विनोदी हिंदी मालिकेचे दुसरे पर्व फसले. हे खरे नाही. २०१७ मध्ये हॉटस्टारवर आलेल्या त्या पर्वाचे लेखन आतिश कपाडिया यांचेच होते आणि सतीश शहा, रत्ना पाठक शहा, सुमीत राघवन, रूपाली गांगुली व राजेश कुमार हे पाचही जण आपापल्या भूमिकांत परतले होते.

प्रेक्षकांची निराशा मात्र खरी आहे, आणि ती माझ्याही वाट्याला आली. २००४ साली स्टार वनवर सुरू झालेल्या पहिल्या पर्वात सासू मायाचा उच्चभ्रू नीटनेटकेपणा आणि सून मोनिषाची काटकसर यांची चकमक समोरासमोरच्या दोन घरांतल्या अगदी साध्या प्रसंगांतून सहज उभी राहत असे. दुसऱ्या पर्वात तेच स्वभाव इतके ताणले गेले की विनोद अगोदरच कळू लागला. माझ्या मते उणीव संहितेत होती, अभिनयात नव्हे. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी कृपया ही दुरुस्तीही पाठवावी.