घरच्या मालकीचं बळ
शेअर बाजारातून भांडवल उभारल्याशिवाय खाणीची अवजड यंत्रं बनवणं जमत नाही, हे खाणयंत्रांवरच्या तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. लीबहेरचं बघा ना! हान्स लीबहेर यांनी १९४९ मध्ये जर्मनीत सुरू केलेली ही कंपनी आजही त्या कुटुंबाच्याच मालकीची आहे. त्यांचा टी २८४ डंपर एका खेपेत साडेतीनशे टनांहून जास्त माल नेतो. त्याचं डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत नाही, जनरेटर चालवतं आणि त्या विजेवर मागच्या चाकांच्या मोटारी फिरतात. खनिजाचे भाव पडले की खाणवाले आधी नवी खरेदी थांबवतात. तेव्हा दर तिमाहीला भागधारकांना नफा दाखवायचं दडपण नसणं फार मोलाचं असतं. या यंत्रांच्या सुट्या भागांबद्दल मात्र लेखात आणखी हवं होतं.