तांबड्या रश्श्यापुढं बिअर

कोल्हापुरात बिअर पिणं अवघड नाही, बिअर पिऊन वर जेवणं अवघड आहे. पहिल्या कामाला नुसते पैसे लागतात. दुसऱ्याला पोटात जागा लागते, जिभेला जाड कातडं लागतं आणि घरी सांगायला कारण लागतं.

मूळ भानगड अशी, की जेवणाबरोबर काय प्यायचं हे आमच्याकडं आधीच ठरलंय. रस्सा प्यायचा. तांबडा झोंबला की पांढरा, पांढरा मवाळ वाटायला लागला की पुन्हा तांबडा. वाढपी वाटीचा तळ दिसू देत नाही, आणि "बास" म्हणणाऱ्याकडं तो अशा नजरेनं बघतो, की माणूस आपणहून वाटी पुढं करतो. भाकरी, सुकं मटण, भात हे सगळं रश्श्याच्या दोन वाट्यांमध्ये दम खायला. अशा जेवणाशेजारी ६५० मिलिलिटरची बाटली आणून ठेवली, तर तिनं जायचं कुठं?

दुसरी अडचण भूगोलाची. जिथं बिअर गारेगार मिळते, तिथलं मटण खाऊन डोळ्यांत पाणी येत नाही. आलंच तर बिल बघून येतं. आणि जिथं खरं मटण मिळतं, त्या खानावळीत गल्ल्यावर अंबाबाईचा फोटो असतो आणि फोटोखाली 'येथे मद्यपान करण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी. म्हणून आधी परमिट रूममध्ये बसायचं, मग तोंडात बडीशेप कोंबून, चेहरा सात्त्विक करून खानावळ गाठायची. तिथं नंबर लावायचा. नंबर येईपर्यंत बिअर आपलं दुसरं काम सुरू करते, आणि खानावळीतली ती सोय मागच्या बोळात असते. जास्त सांगत नाही, जेवणाचा विषय आहे.

परमिट रूममध्येही सुख नाही. टेकतो न टेकतो तोच वेटर विचारतो, "स्ट्राँग का माइल्ड?" माइल्डमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत, स्ट्राँगमध्ये आठपर्यंत, फरक एवढाच. पण तालमींच्या गावात "माइल्ड" असं चारचौघांत म्हणायची माझी हिंमत होत नाही. मी वेटरला जवळ बोलावून कानात सांगतो. तो भला माणूस मान डोलावतो आणि तिथूनच काउंटरकडं ओरडतो, "कोपऱ्यावरच्या टेबलाला एक माइल्ड!" सगळी परमिट रूम वळून बघते. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. त्यातली किती चवीपायी खपते आणि किती वेटरच्या आवाजापायी, हे एकदा कुणीतरी तपासायला पाहिजे.

बाटली आली की आमच्यातला एकजण तिच्या तोंडावर अंगठा दाबून ती पाण्याच्या ग्लासात उलटी धरतो. कंपनीवाले बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात, अशी त्याची खात्री. "ग्लिसरीन काढतोय." पाण्यात काहीतरी दाट, तेलकट खाली उतरताना दिसतं आणि तो "बघ, म्हटलं नव्हतं?" अशा तोऱ्यात आमच्याकडं बघतो. आता, बिअर आंबताना यीस्ट थोडंफार ग्लिसरीन स्वतःच तयार करतं, जगातल्या कुठल्याही बिअरमध्ये करतं. आणि पाण्यात जी उतरते ती बिअरच. पाण्यापेक्षा ती किंचित जड, म्हणून तळाला जाते. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझीही बाटली उलटी केली.

आपल्या बिअरशी खरा सूर जुळतो तो चखण्याचा, आणि त्यातही जयसिंगपूरच्या भडंगाचा. आपली नेहमीची बिअर, म्हणजे लागर, हलकी, जरा गोडसर, भरपूर फेसाची. बऱ्याचदा बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका घालून केलेली. तिला स्वतःचं मत फारसं नसतं. तिच्यापुढं मीठ, लसूण, कुरकुरीत मुरमुरा आणि तळलेला शेंगदाणा आला, की ती खुलते. पुण्या-मुंबईत लोक बिअरबरोबर फ्रेंच फ्राइज मागवतात, त्यांची मला कीव येते. फक्त भडंगाचा एक दोष आहे. मूठ भरली की थांबता येत नाही, आणि मटणाची ऑर्डर द्यायची वेळ येते तेव्हा पोटात मुरमुरे फुगून बसलेले असतात.

शेतावर रस्सा मंडळ बसतं तेव्हा हे सगळे प्रश्न सुटतील असं वाटतं. चूल तिथंच, मटण तिथंच, बाटल्या पोत्यात घालून विहिरीत सोडलेल्या. पण पाण्यात लेबलं सुटतात. मग कोणती स्ट्राँग, कोणती माइल्ड, यावर जी चर्चा झडते, तिच्या नादात चुलीवरचा रस्सा बुडाला करपतो.

तरीही हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं होतं. घोळ घातला तो माझ्या मेव्हण्यानं.

मेव्हणा पुण्याला असतो. पुण्यात २००९ साली डूलाली नावाच्या पबनं जागच्या जागी बिअर बनवून ताजी ताजी नळातून द्यायला सुरुवात केली. पुढं तशी बरीच ठिकाणं निघाली आणि मेव्हण्याला बिअरमध्ये केळं, लवंग, संत्र्याची साल असं काहीबाही लागायला लागलं. आषाढात, टेंबलाईच्या यात्रेच्या दिवसांत, तो थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि बर्फात बाटल्या घेऊन आमच्याकडं उतरला. एरवी आमच्या घरात बिअरचं नाव काढायची सोय नाही. पण आणणारा सख्खा भाऊ म्हटल्यावर आमच्या हिनं स्वतः ग्लास धुऊन दिले. गव्हाच्या एका बिअरमध्ये धने घातलेत हे ऐकून तिनं एवढंच विचारलं, "मग कढीपत्ता राहिला का रे?"

मेव्हण्यानं आधी इतिहास सांगितला. हिमाचलातल्या कसौलीला एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात बिअरचा कारखाना काढला, तिथून भारतीय बिअर सुरू झाली वगैरे. या डायरचा मुलगा म्हणजे जालियनवाला बागेतला जनरल डायर, हे मी मध्येच सांगितलं. टेबलावर जी शांतता पसरली, ती पाहता ही माहिती पहिल्या घोटाआधी सांगण्यासारखी नव्हे.

मग त्यानं खास बाटली काढली. इंडिया पेल एल. "दाजी, नावातच इंडिया आहे. इंग्लंडहून जहाजानं इकडं यायला महिनेच्या महिने लागायचे. तेवढा प्रवास टिकावी म्हणून हिच्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडू करणारी फुलं, जास्त. कडवट असते, पण आपल्या मसाल्याला हीच तोडीस तोड."

मी घोट घेतला. काढेचिराईताची आठवण झाली. ती हिंदुस्थानात पिणारा साहेब कलकत्त्यात, मद्रासेत बसून भाजलेलं मांस खात होता. त्याच्यापुढं कुणी कांदा-लसूण चटणीचा तांबडा ठेवला नव्हता. आमच्या हिनं ठेवला.

पुढचं सगळं आमच्या शेजारच्या सरांमुळं नीट कळलं. सर निवृत्त रसायनशास्त्रवाले, वास काढत आले होते आणि तांबड्याची वाटी घेऊन कोपऱ्यात बसले होते. मेव्हण्यानं रस्सा प्यायला, हाशहुश केलं आणि वर गार बिअर ओतली. डोळे पांढरे झाले. परत बिअर. कान लाल झाले.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "आगीत आणखी काय घालताय? मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण तुमच्या बाटलीत ते सहा-सात टक्के, त्यानं काय धुतलं जाणार? आणि फेसातला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आम्ल होऊन वेगळा टोचतो."

"पण गार आहे ना, सर," मेव्हणा कसाबसा म्हणाला.

"गिळेपर्यंतच. जिभेवर तिखट ओळखणारी जी यंत्रणा आहे, तीच चटका ओळखते. एरवी ती बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना जागी होते. अल्कोहोल लागलं की चौतिसालाच. तुमचं अंग सदतीस. म्हणजे आता तुम्हाला तुमचंच तोंड भाजतंय." एवढं बोलून सरांनी तांबडा संपवला आणि वाटी पुढं केली. "वहिनी, जरा तर्री येऊ द्या."

त्यातल्या त्यात निभावलं ते पांढऱ्यानं. नारळाचं दूध, काजू, खसखस. मिरची बेताची आणि स्निग्धपणा भरपूर, त्यामुळं तो तिखटाला बरोबर आवरतो. मेव्हण्यानं वाट्यांमागून वाट्या रिचवल्या. त्यालाच थोडं धीर आल्यावर सुचलं, की पांढऱ्याशेजारी त्याची गव्हाची बिअर खरंच चांगली लागते. मी चाखून बघितली. लागते. हे मी आमच्या मंडळात बोललेलो नाही.

पण सुक्या मटणाच्या वेळी त्यानं पुन्हा हट्टानं तीच कडवट बाटली उचलली, आणि मग मात्र त्याला गाडीवर मागं बसवून गंगावेशीत न्यावं लागलं. तिथं रात्री म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून देतात. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सायसिनला धरून सोडवून नेतं, असं सरांनी निघताना दारातून ओरडून सांगितलं होतं. कट्ट्यावर खडे पैलवान दूध पीत होते. आमच्या तोंडाचा वास त्यांना लागू नये म्हणून मी जरा लांब उभा राहिलो.

मेव्हण्याच्या हातात धारोष्ण दुधाचा ग्लास आला. जीभ जळत होती, डोळे वाहत होते, तरी त्यानं ग्लास दिव्याखाली धरला, तिरका केला, हुंगला.

"दाजी, फेस बघा. केवढा जाड, आणि बसतच नाही. तळाला जरा गवताचा वास..."

गवळी धार थांबवून त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पाव्हणं, वैरण बी पायजे का?"