तिथनं आल्यावर मला दाखवून जावा

सकाळपासून डोकं फिरलंय. रात्री दोनला आमचा एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, पडला. स्टॅकओव्हरफ्लो. टेस्टला शंभर रेकॉर्ड होते तेव्हा गुमान चालला, खरे काही लाख आले तसा आडवा! कारण काय, तर टीममधल्या नव्या पोराने रिकर्सिव्ह कॉलच्या (फंक्शनने, म्हणजे कोडच्या एका तुकड्याने, स्वतःलाच मारलेल्या हाकेच्या) खाली लॉगची, म्हणजे नोंद करायची, ओळ टाकली. एक ओळ.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी बाबांची गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेताचा उतारा काढायला ते एका कचेरीत गेले. पहिल्या टेबलावरचा म्हणाला, "पलीकडं जावा, आणि तिथनं आल्यावर मला दाखवून जावा." पुढच्या दोघांचंही तेच. चौथ्याकडे उतारा मिळाला, मग तिघांना दाखवत उलटं यायचं. तिघांनी नुसती मान हलवली. शिक्का नाही, सही नाही. पण तोवर प्रत्येकाच्या टेबलावर बाबांची चिठ्ठी अडकून. स्टॅक म्हणजे त्या चिठ्ठ्या, त्या मावेनाशा झाल्या की स्टॅकओव्हरफ्लो. "पलीकडं जावा, तेच देतील," म्हटलं असतं तर चिठ्ठी ठेवायचं कामच नव्हतं. टेल कॉल म्हणजे एवढंच. फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्याला हाक मारणं असेल तर जुनी फ्रेम, म्हणजे ती चिठ्ठी, कशाला सांभाळायची? आमची लॉगची ओळ म्हणजे तो "दाखवून जावा".

स्कीम ही १९७५ ची प्रोग्रॅमिंगची भाषा, तिच्यात टेल कॉलला फ्रेम न सांभाळण्याची हमी आहे. जावास्क्रिप्टने २०१५ च्या मानकात लिहून ठेवलं, पण क्रोम-फायरफॉक्समध्ये अजून पत्ता नाही. पायथन भाषेच्या जनकाने, गुइडो व्हॅन रॉसमने, २००९ मध्ये नकोच म्हणून सांगितलं, कारण चूक झाली की कोण कोणाला बोलावत आलं ते ट्रेसबॅकमध्ये दिसायला हवं.

बरं, त्यात तथ्य आहे. बाबा दुसऱ्यांदा गेले तेव्हा सगळ्यांनीच "पलीकडं जावा" करून हात झटकले, आणि शेवटचा विचारतो, "तुम्हाला पाठवलं कोणी?" बाबांना सांगता येईना.

माझा राग वेगळाच आहे. आमचा कोड आहे स्काला भाषेत, आणि ती फंक्शनने स्वतःलाच मारलेल्या टेल कॉलचं गुपचूप लूप (जागच्या जागी फेरा) करते. उपकारच, पण मुका. ती लॉगची ओळ आली आणि उपकार बंद झाला, तोही मुक्यानेच! अरे, बोला की! फंक्शनच्या डोक्यावर टेलरेक ("याचं लूप व्हायलाच हवं" अशी खूण) लिहिलं असतं तर हा कोड कंपाइलच झाला नसता, म्हणजे चालण्याआधीच अडला असता. क्लोजर भाषेत रिकर (तिथली तशीच मागणी) भलत्या जागी लिहिलं तर कंपायलर तिथेच अडवतो. भाषेने असंच असावं, मागून घ्यायला लावावं, आणि देता येत नसेल तर तोंडावर नाही म्हणावं. (दोन फंक्शनं एकमेकांना बोलावत असतील तर टेलरेक आणि रिकर दोन्ही उपयोगाचे नाहीत. मान्य.)

आत्ता टेलरेक लावून बघितलं. कंपायलर नेमका त्याच कॉलवर लाल. मग मूळ फंक्शन टेलरेकशिवाय कोणी लिहिलं म्हणून गिट ब्लेम (कोणती ओळ कोणाची ते दाखवणारी यादी) काढलं.

मीच. तीन वर्षांपूर्वी.

पोराने सकाळपासून तीनदा सॉरी पाठवलंय, मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. टिळकवाडीत करंट गेलाय, मोबाइलवरून लिहितेय. हे पोस्ट केलं की त्याला फोन लावते.