पॅट्सी क्लाइनची बारा गाणी

'ग्रेटेस्ट हिट्स' म्हटलं की दर्दी लोक नाक मुरडतात. मीही मुरडायचे. कंपनीने जुनाच माल नव्या वेष्टनात विकायचा आणि आपण तो हौसेने घ्यायचा! पण अमेरिकन कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचा 'पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स' ऐकून ऐकून माझं मत पार बदललंय. तिच्या बाबतीत हाच खरा अल्बम.

त्या काळी कंट्रीची, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताची, गाणी खपायची ती सुटी, छोट्या तबकडीवर, एक या बाजूला आणि एक त्या. पॅट्सीच्या हयातीत पूर्ण अल्बम निघाले फक्त तीन. त्यातून 'फोर स्टार' या रेकॉर्ड कंपनीशी करार असा की त्यांच्या मालकीचीच गाणी गायची. ते जोखड १९६० मध्ये सुटलं, आणि ५ मार्च १९६३ ला टेनेसीत विमान कोसळून ती गेली. वय तीस. मधल्या या सव्वादोन-अडीच वर्षांतलीच ही बारा गाणी, सगळी नॅशव्हिलची, निर्माता एकच, ओवेन ब्रॅडली. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने ती १९६७ मध्ये एकत्र केली. एकजीव वाटतात, कारण मुळात आहेतच तशी.

'क्रेझी'चंच घ्या. जून १९६१ मध्ये मोटार अपघातातून ती मरता मरता वाचली, आणि ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन स्टुडिओत हजर. गाणं विली नेल्सनचं. तेव्हा त्याला कोण विचारत होतं! बरगड्या दुखावलेल्या, वरचे सूर लागेनात. ब्रॅडलीने वाद्यमेळ तेवढा मुद्रित करून ठेवला. तिने नंतर येऊन त्यावर आवाज दिला. हुंदका आता फुटेल असं वाटत राहतं, आणि ती तो फुटू देत नाही. मला अजून कळलेलं नाही हे ती कसं करते.

कट्टर कंट्रीवाले ब्रॅडलीवर खार खाऊन असतात. फिडल (व्हायोलिनच, पण लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेलं) नि स्टील गिटार मागे सारली, व्हायोलिनचा ताफा आणला म्हणून. खुद्द पॅट्सीही कुरकुरली होतीच. असो, मला तो ताफा आवडतो.

'ग्रेटेस्ट हिट्स' या नावात मात्र थोडी लबाडी आहे. 'स्ट्रेंज', 'बॅक इन बेबीज आर्म्स' ही तर तबकडीच्या पालथ्या बाजूची गाणी. आणि सुरुवातीचं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' १९५७ मध्ये गाजलं तेच मुद्रण नाही. १९६१ मध्ये तिने ते पुन्हा गायलं, ते इथे आहे. मूळ जास्त रांगडं. ते वेगळं शोधून ऐका.

अमेरिकेत हा संग्रह डायमंड ठरला, म्हणजे एक कोटी प्रती. ठीक आहे. मला विचाराल तर तो घ्यावा 'फेडेड लव्ह'साठी. जाण्याच्या महिनाभर आधी गायलेलं. इअरफोन लावा आणि शेवटाकडे कान द्या. शेवटच्या शब्दाआधी ती श्वास घेते, तो स्पष्ट ऐकू येतो. कुणी तो कापला नाही.