रिकामा बसला त्याचे 97 टक्के

मे महिन्यात अकोल्याच्या बाजूला पारा 45 वर गेला तर माणसं दचकत नाहीत. दचकतो तो माझा कॉम्प्युटर. फार तापला की प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. टास्क मॅनेजर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी; तिच्या परफॉर्मन्स या भागात वेगाचा, म्हणजे गिगाहर्ट्झचा, आकडा डोळ्यांदेखत घसरतो. प्रोसेसर किती तापलाय, ते मात्र तिथे दिसत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला हा टास्क मॅनेजर 1996 मध्ये विंडोज एनटी 4.0 सोबत आला. ते उन्हाळ्यात वऱ्हाडात आले असते, तर आधी तापमानच घातलं असतं!

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. ही बटणं कळल्यापासून माझी कामं मागे पडली. खिडकी उघडताच प्रोसेसरच्या कामाचा आलेख उसळतो, कारण ती उघडायचं कामही त्याच बिचाऱ्याच्या गळ्यात. रॅम चारच जीबी. ब्राउझरच्या दोन-चार टॅब उघडल्या की ती भरते, मग विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर नेऊन टाकते आणि डिस्क 100 टक्क्यांवर जाऊन कुरकुरत बसते.

अशात काकाजी सातबारा काढायला आले. पान काही उघडेना. मी टास्क मॅनेजरमधलं डिटेल्स उघडून सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक केलं. सगळ्यांत वर 'सिस्टीम आयडल प्रोसेस', 97.

"हा कोन होय बे? सारं हाच खाऊन रायला!"

"नाही काकाजी, थो काहीच करत नाही. प्रोसेसर किती रिकामा हाये, तेवढं सांगते."

"बसल्याबसल्या 97 टक्के? काढ त्याले!"

"निघत नाही. विंडोज काढूच देत नाही."

काकाजी जरा गप्प झाले. "सोसायटीतबी असाच एक हाये," म्हणाले, "त्यालेबी काढता येत नाही."

खरं तर प्रोसेसर मोकळा होता, अडलं होतं नेटचं; वायफायची रेघ सपाट पडलेली. पण हे सांगेपर्यंत काकाजींनी टेबलावर हात आपटला, "ऊठ बे!"

नेमकं त्याच वेळी अँटिव्हायरसचं स्कॅनिंग सुरू झालं. 97 चे 60 झाले, 60 चे 8. पंखा घरघरला, माउसचा बाण जागीच थिजला.

"पाह्य! लागला का नाही कामाले?"

सातबारा काही निघाला नाही. काकाजी मात्र खुशीत गेले. आता गावात कोणाचाही कॉम्प्युटर अडला, की आधी त्यांना बोलावणं जातं.